एका वस्तूला एकच नाव

सहामाही परीक्षेच्या आधी आम्ही काही पालक मुलांच्या संगणकाच्या वह्या चाळत बसलो होतो. एका पानावर ‘फाईल’, दुसऱ्यावर ‘धारिका’ आणि छापील टिपणात ‘संचिका’. गोष्ट एकच, शब्द तीन. सातवीतल्या एका मुलाने तर तीन निरनिराळ्या व्याख्या पाठ करून ठेवल्या होत्या! दोष त्याचा नव्हता. नावे तीन, म्हणजे वस्तूही तीन, असे त्याने धरले. टिपणे तयार करायला आम्हीच हातभार लावला होता, तेव्हा चूक आमचीच.

सुरतेत वाढणाऱ्या आपल्या मुलांना शब्दांची कसरत नवी नाही. शेजारचा गुजराती मित्र ‘सातमुं धोरण’ म्हणतो तेव्हा त्याला सातवी इयत्ता म्हणायची असते. मराठीत धोरण म्हणजे वेगळेच. हिंदीच्या तासाला शिक्षा म्हणजे शिक्षण आणि मराठीच्या तासाला शिक्षा म्हणजे ओणवे उभे राहणे! मुले हे सहज सांभाळतात, कारण कोणता शब्द कोणत्या भाषेतला हे त्यांना कळते. मात्र एकाच भाषेत, एकाच पुस्तकात नाव बदलत राहिले तर धरायला आधारच उरत नाही.

संगणकाच्या जगातही हाच अनुभव आहे. संकेतस्थळे बांधण्यासाठी ‘जँगो’ नावाचे एक फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा, जगभर वापरले जाते. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत ते जन्मले आणि २००५ साली सर्वांसाठी खुले झाले. त्याच्या माहितीपुस्तिकेत अनेक देशांतील माणसे भर घालतात. इतके हात लागले की शब्द विस्कटणारच. म्हणून लिहिणाऱ्यांसाठी त्यात नियमच दिले आहेत : इंग्रजी ‘ईमेल’मध्ये जोडरेघ नको, ‘वेबसाईट’ हा एकच शब्द, ‘मॉडेल’ आणि ‘टेम्प्लेट’ यांचे पहिले अक्षर मोठे नको. वाचणाऱ्याला हे किरकोळ वाटेल. पण एकच शब्द दोन तऱ्हांनी लिहिला की शोधणाऱ्याला अर्धीच माहिती सापडते आणि नवशिका उरलेल्या अर्ध्यासाठी अडून बसतो.

इतर काही फ्रेमवर्कमध्ये ज्याला ‘कंट्रोलर’ म्हणतात, जवळजवळ त्यालाच जँगोत ‘व्ह्यू’ म्हणतात. हे आपल्या ‘धोरणा’सारखेच झाले. दोन घरांची बोली वेगळी असली तर चालते; घरातल्या घरात ती एक हवी.

२०१४ सालची एक घटना विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मूळ डेटाबेस आणि त्याची नक्कल यांना जँगोच्या पुस्तिकेत ‘मास्टर’ व ‘स्लेव्ह’, म्हणजे मालक व गुलाम, म्हटले जाई. हे शब्द खुपणारे म्हणून काढले आणि ‘लीडर’ व ‘फॉलोअर’ घातले. लवकरच तेही बदलून ‘प्रायमरी’ व ‘रेप्लिका’ हे शब्द स्वीकारले, कारण ते या क्षेत्रात आधीपासून रुळलेले होते. नवा शब्द घडवण्यापेक्षा लोकांच्या तोंडी असलेला, अर्थ नेमका सांगणारा शब्द बरा, हा त्यातला धडा.

कोणी म्हणेल, हा शब्दांचा कीस कशाला? आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की ज्या गावात आपण राहतो त्याच गावच्या कवी नर्मदांनी वर्षानुवर्षे खपून ‘नर्मकोश’ रचला आणि १८७३ साली तो पूर्ण रूपात प्रसिद्ध केला. भाषा शाळेत आणि व्यवहारात टिकायची तर शब्दांचा हिशेब कोणीतरी ठेवावाच लागतो. मराठी माध्यमातून संगणक नीट शिकता येत नाही, असा समज पालकांत पसरत आहे. आपली टिपणे अशीच राहिली तर तो समज आपणच खरा करून दाखवू.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे. संगणक, गणित व विज्ञान या विषयांसाठी शाळेची एक शब्दसूची करावी. शुद्ध मराठीचा हट्ट नको. ‘फाईल’ रुळला असेल तर ‘फाईल’च ठेवावा, पण मग टिपणात, फळ्यावर आणि प्रश्नपत्रिकेत तोच असावा. शंका आली तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहावेत. खर्च एका वहीचा. वेळ मात्र द्यावा लागेल, आणि तो द्यायला आम्ही पालक तयार आहोत.

विद्यार्थी मित्रांनो, या कामात तुमचा वाटा मोठा आहे. एकाच गोष्टीला दोन नावे दिसली की पानाचा क्रमांक लिहून बाईंना दाखवा. जँगोची पुस्तिकाही अशाच लहान लहान दुरुस्त्यांनी सुधारत आली आहे. चूक दाखवणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. तुमच्यामागून त्याच बाकावर बसणाऱ्या मुलाची वाट त्याने सोपी होते.