आप्तांचा शब्द

तर्कशास्त्राच्या प्रारंभीच्या पाठांत ‘आप्त’ म्हणजे यथार्थ जाणणारा व यथार्थ सांगणारा पुरुष, आणि त्याचे वचन प्रमाण, असे शिकविले जाते. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातलग. ह्या दोन अर्थांची गल्लत केल्यामुळे कित्येक सुशिक्षित कुटुंबांची पुंजी गेली आहे.

2024 साली मुंबईत दादर येथे टोरेस नावाचे जडजवाहिराचे दुकान निघाले. खडे विकत घ्या आणि दर आठवड्यास 6 टक्के, पुढे त्याहूनही अधिक, घरबसल्या मिळवा, असे त्याचे आमिष होते. जानेवारी 2025 मध्ये दारे बंद झाली व ठेवीदार रस्त्यावर आले. त्रैराशिक शिकलेल्या मुलासही हा हिशोब उलगडावा. आठवड्यास 6 म्हणजे वर्षास 312 टक्के. चक्रवाढीने धरल्यास 100 रुपयांचे वर्षाअखेर 2,000 च्या वर! एकाचे व्याज दुसऱ्याच्या मुदलातून देत राहणे, याखेरीज त्यात दुसरा व्यवहार संभवत नाही. असल्या गोष्टीस आपण हसतो आणि निर्धास्त होतो.

आमच्या मराठवाड्यातील प्रकरण निराळे. बीडची ज्ञानराधा मल्टिस्टेट ही पतसंस्था ठेवींवर 12 ते 14 टक्के देऊ करी. बँकेहून काहीसे अधिक, इतकेच. हसण्याजोगे त्यात काही नव्हते. ऑक्टोबर 2023 मध्ये अध्यक्षांच्या उद्योगसमूहावर आयकर खात्याचे छापे पडले, ठेवीदार धावले, आणि त्यांना पैसे मिळेनासे झाले. दोन हजार कोटींहून अधिक रक्कम कर्जरूपाने त्याच समूहाकडे गेली, असे सक्तवसुली संचालनालयाचे म्हणणे आहे. निवृत्तीची पुंजी, कन्येच्या विवाहासाठी बाजूस ठेवलेले, शेत विकून आलेले, असे सारे द्रव्य त्यात अडकले.

ठेवीवर 14 टक्के द्यावयाचे तर संस्थेस कर्ज 16-17 टक्क्यांनी तरी दिले पाहिजे. नोकरांचे पगार व जागेचे भाडे त्यातूनच निघावयाचे. बँकेत स्वस्त कर्ज मिळत असता ते इतके महाग कोण घेईल? ज्यास बँकेने परत धाडले तो, अथवा ज्यास फेडावयाचेच नाही तो. शिवाय बँक बुडाल्यास प्रत्येक ठेवीदारास 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा 2020 पासूनची. पतसंस्थेतील ठेवीस ते लागू नाही. फलक बँकेसारखा व पासबुकही बँकेसारखे, म्हणून हा भेद सहसा लक्षात येत नाही.

हे गणित न येणारी माणसे हदगावास थोडी. तरीही ठेवी ठेवल्या जातात. कारण पावतीपुस्तक घेऊन ओटीवर येऊन बसतो तो मेहुण्याचा भाऊ, विहिणीचा भाचा किंवा आपलाच जुना विद्यार्थी. त्याच्यासमोर टक्केवारीचा प्रश्न काढणे म्हणजे त्याच्या सचोटीवर शंका घेणे, असे घरातील वडील मंडळींस वाटते. स्त्रियांस शंका येते, परंतु पाहुण्यांदेखत बोलावे कसे? माझ्या मते लोभापेक्षा भिडेनेच अधिक पैसा बुडतो.

येणारा मनुष्य लबाड असतोच असे नाही. पुष्कळदा त्याची स्वतःची ठेवही तेथेच असते. त्यास चहा द्यावा, ख्यालीखुशाली विचारावी, आणि संस्थेचा मागील तीन वर्षांचा लेखापरीक्षित ताळेबंद आणावयास सांगावे. तो त्यानेही कधी पाहिलेला नसतो.