छंद आणि चोरीची प्रत

छंद म्हटला की पदरमोड आलीच. छायाचित्रणाची हौस असलेला एखादा कारकून वर्षभर पैसे साठवून कॅमेरा घेतो. पण छायाचित्रांवर संस्कार करणाऱ्या महागड्या प्रणालीची चोरीची प्रत संगणकावर उतरवून घेताना त्याला यत्किंचितही संकोच वाटत नाही. ‘परवडत नाही’ हे त्याचे उत्तर ठरलेले असते.

हे उत्तर आता टिकणारे नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अमेरिकेत ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि मुक्त प्रणालींच्या चळवळीला तात्त्विक बैठक लाभली. बर्कले येथील दोन विद्यार्थ्यांनी घडविलेली ‘गिंप’ ही चित्रसंस्काराची प्रणाली १९९६ पासून सर्वांना खुली आहे. ध्वनिमुद्रणासाठी ‘ऑडॅसिटी’ आहे, आकाशदर्शनासाठी ‘स्टेलॅरियम’ आहे. तिन्ही विनामूल्य आणि कायदेशीर. त्या शिकण्यास चार रात्री अधिक लागतील, हे मान्य. परंतु छंदाला वेळ द्यायचा नाही, तर द्यायचा कशाला?

मात्र मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. प्रणालीची मूळ संहिता पाहण्याचा, सुधारण्याचा व इतरांना देण्याचा अधिकार त्यात अभिप्रेत आहे. अनेकांच्या निरपेक्ष श्रमांवर हा डोलारा उभा आहे. ‘फुकट ते पौष्टिक’ एवढ्यावरच न थांबता शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी या प्रणालींतील सूचना मराठीत आणण्याचे काम अंगावर घ्यावे. घेतलेल्याची परतफेड तर होईलच; शिवाय इंग्रजीला बिचकणाऱ्या पुढच्या हौशी माणसाची वाटही सुकर होईल.