नाव सुचवता, मग काढायचं कुणाचं?



मागच्या वेळी पापडांबद्दल लिहीन म्हणाले होते. ते राहू दे. यंदाच्या जानेवारीत माझ्या सकाळी पापडांत नाही, मैदानाच्या कठड्याला टेकून गेल्या. तिथे एक वाद झाला, तो अजून डोक्यातून जात नाही, म्हणून आधी तोच लिहिते.

इथे मेलबर्नमध्ये आम्ही पश्चिमेकडच्या भागात राहतो. डाळी, ज्वारीचं पीठ, कढीपत्ता असं सगळं आणायला मी वेस्ट फुट्सक्रेच्या बार्कली स्ट्रीटवर जाते. आपल्या लोकांची इतकी दुकानं झाली आहेत की त्या भागाला ‘लिटल इंडिया’च म्हणतात. त्याच रस्त्यावर पुढे व्हिटन ओव्हल आहे, वेस्टर्न बुलडॉग्ज या फुटबॉल संघाचं मैदान. जानेवारीत शाळांना उन्हाळ्याची सुट्टी, त्यामुळे माझा सोळा वर्षांचा मुलगा घरी. त्यात शेजारच्या आजींनी गाडी चालवणं सोडलं आहे. बुलडॉग्ज म्हणजे त्यांचं माहेरच. मग काय, किराण्याच्या निमित्ताने दोघांना घेऊन जायचं आणि तास-दीड तास सराव बघायचा, असा नेमच झाला.

फुटबॉल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर येतो तो हा नव्हे. इथला चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, क्रिकेटच्या मैदानासारखं. एका बाजूचे अठरा जण. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू लाथेने मारला की सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. हाताने फेकायचा नाही, एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. आणि उंच आलेला चेंडू झेलायला हे लोक एकमेकांच्या पाठीवर चढतात! पहिल्यांदा बघताना मी डोळेच मिटले होते. (चेंडू चामड्याचा असतो. मुलगा क्लबात खेळायला लागला तेव्हा आमच्याकडे यावर बरंच बोलणं झालं. घरच्या सरावाला सिंथेटिक चेंडू आणला, पण सामन्यात दुसरा पर्याय नाही. तो प्रश्न आमचा अजून सुटलेला नाही, त्यावर वेगळं लिहीन.)

खरे सामने मार्चपासून सप्टेंबरच्या शेवटापर्यंत. पण तयारी आदल्या नोव्हेंबरातच सुरू होते. लहान मुलं आधी येतात, जुने थोडे उशिरा, नाताळात सुट्टी आणि मग जानेवारीच्या उन्हात खरी घासाघीस. संघाच्या यादीत चाळिसेक मुलं. मैदानात अठरा आणि राखीव म्हणून बाकावर चार-पाच. म्हणजे दर आठवड्याला जवळजवळ निम्मे बाहेर. बाहेरचे त्याच सुमाराला दुसऱ्या संघाकडून, खालच्या लीगमध्ये खेळतात. आत कोण आणि बाहेर कोण, यावर इथे सलूनपासून शाळेच्या फाटकापर्यंत सगळीकडे चर्चा.

सराव जवळून बघण्यासारखा असतो. टीव्हीवर दिसत नाही ते इथे कळतं. पहिलं म्हणजे आवाज. ही मुलं सतत बोलत असतात. ‘मागे’, ‘डावीकडे’, ‘वेळ आहे’, नुसता कलकलाट. प्रत्येकाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, एक छोटं यंत्र असतं, कोण किती पळाला ते मोजणारं. दुखापतवाले एका कडेला वेगळेच फेऱ्या मारत असतात. त्यांच्याकडे कुणी फारसं बघत नाही. शेवटी दोन रंगांचे अंगरखे घालून आपापसात सामना. कठड्याशी टेकलेले आम्ही सगळे तेव्हा एकदम निवड समिती होऊन जातो.

आमचा वाद दोघांवरून होता. सरावाच्या कपड्यांवर नावं नसतात, आणि मला तशीही नावं घ्यायची नाहीत. एकाला आम्ही दादा म्हणू. तिशी ओलांडलेला, गुडघा एकदा उघडलेला, बचावात खेळणारा. दुसरा बाळ. एकोणीस वर्षांचा, काटक, डाव्या पायाचा, हरणासारखा पळणारा. दोघांची जागा एकच.

माझा मुलगा अर्थातच बाळाच्या बाजूने. “आई, त्याची दोन किलोमीटरची वेळ बघ!” सराव सुरू होताना सगळ्यांना दोन किलोमीटर पळवतात. सहा मिनिटांच्या आत आला की भारी. आजी म्हणाल्या, “नुसतं पळायचंच असेल तर ऑलिंपिकला जाऊ दे त्याला.” त्या दादाच्या बाजूने. आणि त्यांचा एक नियम आहे. कठड्याशी उभं राहून एक नाव आत घालायचं असेल, तर त्याच दमात बाहेर कोण जाणार तेही सांगायचं. तेही मैदानाकडे तोंड करून, त्या मुलाकडे बघत. मुलगा पटकन म्हणाला, “दादा जाईल.” तेवढ्यात दादा आमच्या अगदी समोरून पाणी प्यायला गेला आणि आजींकडे बघून हात हलवला. मुलगा कान लाल करून गप्प.

पहिल्या दिवशी मीही आजींच्याच बाजूने होते, कारण मला एक गोष्ट दिसली होती. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना दादा हात करून तिघांना सरकवत होता. एकाला पुढे, दोघांना आत. मग चेंडू आलाच नाही तिकडे. येणार कसा? वाटच बंद झाली होती. पाठीवरच्या यंत्रात हे येत असेल असं वाटत नाही. आपल्याकडे मोठ्या कार्याच्या स्वयंपाकात एखादी काकू नुसती उभी असते आणि वेळेवर “अगं, दूध बघा” म्हणते. दूध उतू जात नाही, म्हणून काकूंनी काय केलं ते कुणाला कळतही नाही.

बाळ मात्र चेंडू दिसला की त्याच्याकडेच बघत राहायचा, आणि ज्याच्यावर लक्ष ठेवायचं तो पाठीमागून निसटायचा. पण दुसऱ्या आठवड्यात दादा वळताना कमी पडला. एकदा नाही, दोनदा. तिसऱ्या आठवड्यात बाळ चेंडू सोडून आपल्या माणसाकडे बघायला शिकला होता. तेव्हा मी बाजू बदलली. आजींना तसं सांगितलं, मैदानाकडे बघतच सांगितलं. त्या म्हणाल्या, “मलाही दिसतंय. पण मी म्हणणार नाही.”

त्यांच्या त्या नियमाचं मूळ मला नंतर कळलं. हा संघ १९५४ साली जिंकला तेव्हा त्या लहान होत्या. १९८९ साली संघ दुसऱ्या संघात विलीन व्हायला निघाला, तेव्हा सामान्य लोकांनी काही आठवड्यांत पैसे जमवून तो वाचवला. आजीही डबा घेऊन दारोदार फिरल्या होत्या. मग २०१६ साली, ६२ वर्षांनी, पुन्हा विजेतेपद. पण कर्णधार बॉब मर्फी त्या दिवशी मैदानात नव्हते. एप्रिलमध्येच गुडघा गेला होता. आणि इथला कायदा कडक आहे. पदक फक्त अंतिम सामन्यात खेळलेल्यांना. वर्षभर घाम गाळला, पण त्या एका दिवशी यादीत नाव नसेल तर पदक नाही. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी स्वतःला मिळालेलं पदक काढलं, मर्फींना व्यासपीठावर बोलावलं आणि त्यांच्या गळ्यात घातलं. मर्फींनी नंतर ते परत केलं. आजी हे सांगताना दोन्ही वेळा रडल्या, पदक घातलं तेव्हाचं सांगताना आणि परत केलं तेव्हाचं सांगतानाही.

मुलाकडे याला उत्तर तयार होतं. २०१९ साली रिचमंडने मार्लियन पिकेटला थेट अंतिम सामन्यात उतरवलं. वय २७, मुख्य लीगमधला पहिलाच सामना. १९५२ नंतर असं कुणाच्या नशिबी आलं नव्हतं. रिचमंड ८९ गुणांनी जिंकलं. “बघ, नव्याला संधी द्यायलाच हवी!” मी विचारलं, “बाहेर कोण गेलं?” त्याला माहीत होतं. जॅक ग्रॅहम, आदल्या सामन्यात खांदा दुखावलेला. आणि हाच ग्रॅहम २०१७ साली, एकोणीस वर्षांचा असताना, कारकिर्दीतला पाचवाच सामना म्हणून अंतिम सामना खेळला होता आणि जिंकला होता. तेव्हाचा बाळ तोच. हे बोलता बोलता मुलगाच थांबला.

त्याच्या थांबण्याला आणखी एक कारण होतं. गेल्या हंगामात त्याच्या स्वतःच्या क्लबात, महत्त्वाच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी, व्हॉट्सअ‍ॅप गटावर यादी आली. त्यात त्याचं नाव नव्हतं. ना फोन, ना एक शब्द. सगळ्यांनी अंगठे दाखवले, यानेही दाखवला. मग खोलीत गेला आणि जेवायला आला नाही. मला राग आला तो त्याला वगळल्याचा नव्हता. निम्म्या सामन्यात तो दमलेला असायचा, हे मीच बघत होते. राग होता तो सांगण्याच्या पद्धतीचा. मी त्या प्रशिक्षकांना आठवडाभर मनातल्या मनात बरंच सुनावलं.

आणि मग, मैत्रिणींनो, कठड्याशी उभी असताना मला आमच्या मंडळाचा कार्यक्रम आठवला. पर्युषणातला. दोन वर्षांपूर्वी स्तवनांची यादी मीच केली होती. एका ज्येष्ठ ताईंचा आवाज आताशा सुरात लागत नाही, म्हणून मी त्यांच्या जागी एका तरुण मुलीचं नाव घातलं. निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही, मुलगी सुरेख गायली. पण ताईंना मी कळवलं कसं? गटावर यादी टाकून. त्यांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. संवत्सरीला मी त्यांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटलं, सगळ्यांना म्हणते तसंच. कशाबद्दल, ते बोलले नाही.

म्हणून माझं मत सांगते. निवड कठोरच असावी. जुन्या उपकारांपोटी जागा अडवून ठेवली, तर एकोणीस वर्षांच्या मुलाने सगळा उन्हाळा कशासाठी घासायचं? दया म्हणून दिलेली जागा दादालाही कळते, आणि ती त्याला बोचत असणार. पण ज्याचं नाव जाणार, त्याला ते यादीतून कळता कामा नये. कुणीतरी समोर बसून सांगावं, कारणासकट सांगावं, आणि लवकर सांगावं. मार्चमध्ये नव्हे, जानेवारीत, हातात अजून काही करण्याइतका वेळ असताना. आजींना हे पटत नाही. त्यांच्या मते जानेवारीत सांगितलं तर माणूस जानेवारीतच संपतो, त्याला आशेवर चार महिने पळू द्यावं. मी म्हटलं, आशा आणि अंधारात ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या म्हणाल्या, “तू कधी बाहेर बसली नाहीस वाटतं.” यावर मला लगेच काही बोलता आलं नाही, आणि अजूनही पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला बाहेर बसवलं गेलं असेल, तर तिने जरूर लिहावं.

मार्चमध्ये पहिल्या सामन्याचा संघ गुरुवारी संध्याकाळी जाहीर झाला. मी कुकर लावत होते. मुलगा फोन घेऊन आला आणि हसायलाच लागला. दादा नाही, बाळही नाही. त्या जागेवर तिसराच कुणी, ज्याच्याकडे आम्ही तिघांनी सहा आठवड्यांत एकदाही धड बघितलं नव्हतं. तो कडेला फेऱ्या मारणाऱ्या दुखापतवाल्यांत होता म्हणे.

मुलगा कुंपणाशी जाऊन आजींना सांगून आला. त्यांनी विचारलं होतं की दादाला कुणी फोन केला का. आम्हाला कुठून माहीत असणार? मी गॅस बारीक केला आणि ताईंचा नंबर शोधला. तिकडे तेव्हा दुपार होती. दोन वर्षांपूर्वी त्या इथून सोलापूरला लेकीकडे राहायला गेल्या आहेत. तिसऱ्या रिंगला त्यांनी उचलला.