सिनेमा कानांनी बघा

मैत्रिणींनो, आपण सिनेमा 'बघायला' जातो. 'ऐकायला' जातो असं कुणी म्हणत नाही. पण कुणाचा राग करायचा आणि कुणाची कीव करायची, हे बरेचदा कानच आपल्याला सांगतात. श्रेय मात्र डोळ्यांना मिळतं!

आपल्या मालवणी मुलखाला हे नवं नाही. दशावतारात राक्षस समोर येण्याआधीच झांज-मृदंग असे कडाडतात, की मांडीवरचं पोर आईला घट्ट बिलगतं.

सिनेमात बोलणं, संगीत आणि भोवतालचे आवाज असे तीन प्रकार. भोवतालचे आवाज पुष्कळदा मागाहून स्टुडिओत तयार करतात. जॅक फोली या अमेरिकन गृहस्थांवरून त्या कामाला 'फोली' हे नाव पडलं. पडद्यावरची पावलं बघत कुणी तशीच पावलं टाकतं, कुणी कापडाची सळसळ करतं. घोड्याच्या टापांसाठी तर नारळाच्या दोन करवंट्या आपटतात बरं का! आपण त्या चुलीत घालतो.

पण कोणता आवाज घालायचा याइतकंच कोणता घालायचा नाही, हेही महत्त्वाचं. प्रभातचा १९३७ सालचा 'कुंकू' घ्या. नीराचं, म्हणजे शांता आपटेंचं, फसवून एका म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावतात आणि ती ते मानायला साफ नकार देते. प्रेक्षकांना रडवायला केवढा वाव होता! पण व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत वापरलंच नाही. गाणी आहेत, एरवी घरातले, रस्त्यावरचे साधे आवाज. त्यामुळे नीराचं 'नाही' स्वच्छ ऐकू येतं. 'बिचारी म्हणा' असं कुणी कानात सांगत नाही. तिचं बरोबर की चूक, ते आपलं आपण ठरवायचं.

याउलट आपल्या रोजच्या मालिका. सून मान वर करून एक वाक्य बोलली, की ढॅण् ढॅण् ढॅण्! उलट बोलणारी बाई वाईटच, हे शेजारी बसलेल्या आपल्या लेकीच्या मनावर रोज ठसत जातं. ती सून काय बोलली, ते मात्र कुणाच्याच लक्षात राहत नाही.

तेव्हा एक करून बघा. असा प्रसंग आला, की आधी आवाज बंद करून नुसते चेहरे बघा. पुढच्या प्रसंगाला डोळे मिटून नुसतं ऐका. मग लेकीला, आणि मुलग्यालाही, विचारा, "ती बोलली त्यात चुकीचं काय होतं गं?" जेवताना यावर घरात बोलणं निघालं, तर फारच छान.