‘स्वखुशीने’ या शब्दावर बोट

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पवन मावळातल्या एका माध्यमिक शाळेत एका शनिवारी पुण्याहून गाडी आली. कंपनीची माणसं होती. तरुण, उत्साही आणि मनानं चांगली. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के हिस्सा समाजासाठी खर्चावा लागतो, त्यातला थोडा त्या दिवशी आमच्या वाट्याला आला होता. विषय होता ‘चिकित्सक विचार’. आठवी-नववीच्या मुलामुलींना सहा रंगांच्या कागदी टोप्या वाटल्या. पांढरी घातली की माहितीचा विचार करायचा, काळी घातली की धोक्याचा. मग वाघ, शेळी आणि गवताची पेंढी नदीपार कशी न्यायची ते कोडं झालं. मुलांना मजा आली. शेवटी नववीतल्या एका मुलीनं आभार मानले. भाषण सरांनी लिहून दिलं होतं, तिनं ते पाठ केलं होतं. मध्येच एक वाक्य आठवेना, तेव्हा ती सरांकडे बघत थांबली. सरांनी ओठ हलवून सांगितलं. वाक्य होतं, ‘आज आम्ही स्वतंत्र विचार करायला शिकलो.’

मी तिथे मागच्या बाकावर बसले होते. त्याच शाळेत दर गुरुवारी शेवटच्या तासाला मी मुलामुलींशी बोलायला जायची. त्या शनिवारी मला हसू आलं खरं, पण त्यांना हसण्याचा मला किती अधिकार आहे, हे पुढे कळलं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचाराचा उल्लेख आहे. त्याआधी २००९ चा शिक्षण हक्क कायदा झाला, १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. त्याच्या २९ व्या कलमात म्हटलंय की मुलाला भय आणि दडपणातून मुक्त करावं, त्याला आपलं मत मोकळेपणानं मांडायला मदत करावी. म्हणजे प्रश्न विचारणं ही कोणा सरांची मेहेरबानी नाही, कायद्यानं दिलेली गोष्ट आहे. पण त्याच कायद्याचं २७ वं कलम शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्तीच्या कामाला जुंपायची मुभा देतं. आमच्या भागातल्या शिक्षिका कोणत्या कलमाखाली जास्त राबतात, ते वेगळं सांगायला नको. वर्गात साठ मुलं, समोर दहावीचा निकाल, हातात गाईड. प्रश्नही छापलेला, उत्तरही छापलेलं. शिक्षकांना दोष देणं सोपं आहे म्हणून मी तो देणार नाही. त्या शाळेतल्या एका बाईंनी स्वतःचा मराठीचा तास मला दिला नसता, तर पुढचं काही घडलंच नसतं.

गुरुवारच्या तासाला आम्ही टोप्या वापरत नव्हतो. घरातले कागद आणायचो. रेशनकार्ड, वीजबिल, सातबारा. ‘कुणाचं नाव आहे ते बघा’, एवढंच काम. पहिल्याच दिवशी एक मुलगी म्हणाली, “ताई, पाणी आई भरते, भात आई लावते, आणि उताऱ्यावर आजोबा आहेत. ते वारून सहा वर्षं झाली.” वर्गात हशा पिकला. दुसरीनं आईचं नाव शोधलं, ते ‘इतर हक्क’ या रकान्यात होतं. इतर म्हणजे कोण, यावर आमचा अख्खा तास गेला.

शाळेची सहल कार्ल्याला गेली तेव्हा मीही गेले. मुलींचं लक्ष एकविरेच्या देवळाकडे, आणि ते बरोबरच आहे, ती आपली देवी आहे. पण देवळाला लागून जे चैत्यगृह आहे त्याच्या दगडावर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत बायका आहेत, भिक्षुणीसुद्धा आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एक दान आहे भायिला नावाच्या बाईचं, महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई अशी तिची ओळख तिथे दिली आहे. मी मोठ्या अभिमानानं हे सांगितलं. एका मुलीनं लगेच विचारलं, “म्हणजे तेव्हापण मुलाचं नाव लावावं लागायचं?” आणि दुसरी म्हणाली, “पण दान द्यायला तिच्याकडं तिचं काहीतरी असणार ना?” या दोन प्रश्नांच्या मध्ये स्त्रियांच्या मालमत्तेचा अख्खा इतिहास मावतो. कोणत्याही प्रशिक्षकानं त्यांना टोपी घातलेली नव्हती.

हे नवीन नाही, मैत्रिणींनो. आपल्याच पुणे जिल्ह्यात १८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातल्या शाळकरी मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. फुल्यांच्या शाळेत ती जेमतेम तीन वर्षं शिकली होती. ज्यांना वेद वाचायलाच बंदी, त्यांचा धर्म तरी कोणता, असं तिनं विचारलं. तिला उत्तरं पाठ करायला लावली असती, तर हा प्रश्न तिच्या लेखणीतून उतरला असता का? आणि तिच्यामागे सावित्रीबाई आणि जोतीराव उभे होते, हे विसरून चालणार नाही. आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो आणि हे पाठीमागे उभं राहणं मात्र विसरतो. मीही विसरले.

त्याचं असं झालं. पाचव्या-सहाव्या गुरुवारी तीच आभार मानणारी मुलगी मोबाईलवर एका कागदाचा फोटो घेऊन आली. हक्कसोडपत्र होतं. तिच्या आत्यानं वडगावला दुय्यम निबंधकांसमोर सही केलेलं. आमच्याकडे हे कागद घरोघरी सापडतात. पवना धरणात जमिनी गेल्या, द्रुतगती मार्गात गेल्या, तळेगावच्या एमआयडीसीत गेल्या आणि उरलेल्यांवर आता बंगले उभे राहतात. गुंठ्याला भाव आला, की बहिणींची आठवण येते. साडी-चोळी घेऊन भाऊ दारात येतो, गाडीत बसवून वडगावला नेतो, सही झाली की हॉटेलात जेवण घालतो. मुलीनं मजकूर वाचला आणि एका शब्दावर बोट ठेवलं. ‘स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय.’ ती म्हणाली, “ताई, हे आत्यानं लिहिलंय का? आत्याला तर नीट लिहिता येत नाही. मग तिची खुशी कुणी लिहिली?”

मला इतका आनंद झाला की विचारू नका. मी फळ्यावर कायदा लिहिला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला, पण ज्यांची लग्नं आधी झाली होती त्यांना वगळून. २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीनं तो देशभर आला, लग्नाची अट न ठेवता. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की हा हक्क मुलीला जन्मानंच मिळतो, २००५ साली वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही. मुलामुलींनी वहीत उतरवून घेतलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “ताई, पण आमच्याकडं राहिलेच सोळा गुंठे. बहिणीला दिले तर आम्ही काय खायचं?” मी त्याला दोन वाक्यांत समानतेवर भाषण दिलं आणि खाली बसवलं.

शुक्रवारी मुलीनं घरी विचारलं. सोमवारी तिचे वडील शाळेत आले. आरडाओरडा केला नाही. ते मला म्हणाले, “ताई, तुम्ही पोरींना शिकवा, पण घरात काडी टाकू नका. बहीण आणि मी आम्ही बघून घेऊ.” मुख्याध्यापकांनी गुरुवारचा तास बंद केला. कारण दिलं, परीक्षा जवळ आली. मुलगी पुढचे अकरा दिवस शाळेत आली नाही. तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं आहे असं मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. ती पंधरा वर्षांची होती.

त्या अकरा दिवसांत मला एकदाही नीट झोप लागली नाही. प्रश्न विचारायला मी शिकवलं, आणि विचारताना ती एकटी होती. मी शिवाजीनगरच्या बसमध्ये होते.

कंपनीच्या टोप्यांवर माझा राग आहे, कारण त्या विचाराला घराच्या उंबऱ्याबाहेर थांबवतात. वाघ-शेळीच्या कोड्यानं कुणाच्या बापाचं काही बिघडत नाही, म्हणून शाळा त्याला शनिवार देते. पण आपण तरी काय करतो? आपल्या किशोरी शिबिरांत विचारतो, “हुंडा द्यावा का?” दीडशे मुली ओरडतात, “नाहीऽऽ!” आपण टाळ्या वाजवतो, घोषणा देतो, अहवालात आकडा टाकतो. दोन वर्षांपूर्वी कामशेतच्या शिबिरात एक मुलगी उठून म्हणाली होती, “ताई, माझ्या बहिणीला हुंडा दिला नसता तर तिला गावातलाच बेवडा मिळाला असता.” आम्ही तिघी कार्यकर्त्या तिच्यावर तुटून पडलो. प्रेमानं, पण तुटून पडलो. पुढचे दोन दिवस ती बोलली नाही. त्या शिबिरातला खरा विचार तिनं एकटीनं केला होता. तिच्या प्रश्नाला उत्तर आहे, पण ते घोषणेत बसत नाही. त्याला वेळ लागतो, बहिणीचं शिक्षण, रोजगार, गावातली दारू, हे सगळं मांडावं लागतं. गाईडच्या जागी आपण आपली पुस्तिका ठेवली, पाठांतर तसंच राहिलं. सोळा गुंठेवाल्या मुलालाही मी तेच केलं. त्याचा प्रश्न भावांच्या बाजूचा होता म्हणून तो खोटा ठरत नाही. धरणाला आणि रस्त्याला जमीन देताना कुणी समानतेनं दिली नव्हती, आणि उरलेल्या तुकड्यात मात्र बहीण-भाऊ समोरासमोर उभे केले आहेत. हे त्याच्याबरोबर बसून बघायला हवं होतं.

आमच्याकडे प्रश्नाची किंमत काय असते तेही मुलांना माहीत आहे. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेचं पाणी बंद नलिकेतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तिघं गेले. त्यांत एक बाई होत्या, कांताबाई ठाकर. पाणी कुणाचं, हा साधा भूगोलाचा प्रश्न आहे. पण भूगोलाच्या पेपरात तो ‘पवना नदीवरील धरणाचे उपयोग लिहा’ असा येतो आणि दोन गुणांत संपतो. लोणावळ्याच्या मुलांना टाटांचे वळवण आणि शिरवटा तलाव ठाऊक असतात, त्यांच्या पाण्यावर १९१५ पासून खोपोलीला वीज तयार होते हेही पाठ असतं. ती वीज आधी कुठे गेली आणि ठाकरवाडीत कधी आली, हे विचारलं तर सर सांगतात, अभ्यासक्रमात नाही.

म्हणून माझं गटांना सांगणं आहे. शाळेत सत्र घ्यायचं असेल तर आधी वस्तीत बसा. मुलगी घरी जाऊन विचारणार, हे धरूनच चला. तिच्या आईला, आत्याला, शेजारच्या बचतगटाला तो कागद आधी वाचून दाखवा. हक्क सोडायचा की ठेवायचा हे त्या बाईनं ठरवावं. भावाशी नातं तुटेल ही तिची भीती खरी आहे, तिला कमी लेखू नका. आणि शिबिरात एखादी पोर आपल्याला न आवडणारं बोलली, तर त्या दिवशीचं वेळापत्रक बाजूला ठेवून तिचंच ऐका.

मुलगी परत शाळेत आली ती मराठीच्या बाईंमुळे. त्या दोनदा घरी गेल्या, चहा घेतला, कायद्याबद्दल एक अक्षर काढलं नाही, दहावीच्या फॉर्मबद्दल बोलल्या. लग्नाचं बोलणं थांबलं. आता ती अकरावीला आहे. शाळेतला तास बंदच आहे. आम्ही महिन्यातून एकदा नाणे मावळात, तिच्या आत्याच्या गावी, मारुतीच्या देवळात बसतो. गेल्या खेपेला अकरा बायका आल्या, चौघींनी पिशवीतून कागद आणले होते.

आत्या चौथीपर्यंत शिकलेली. तिनं भाचीला ते हक्कसोडपत्र मोठ्यानं वाचायला लावलं. ‘स्वखुशीने’ आलं तेव्हा तिनं हात वर करून थांबवलं. “हे त्या दिवशी मला वाचून दाखवलं नव्हतं,” ती म्हणाली. मग पदर सावरून नीट बसली. “परत पहिल्यापासून वाच. सावकाश.”