टसरचे प्रथिन आणि द्रावकाचा पेच

भिलाई : छत्तीसगडचा ‘कोसा’ आणि गडचिरोली-भंडाऱ्याचे टसर हे एकाच जातीच्या रेशीमकिड्याचे. त्यातील फायब्रॉइन या प्रथिनाला पेशी सहज चिकटतात. त्यामुळे जखमेवरील आवरणांसाठी संशोधकांना ते तुतीच्या रेशमापेक्षाही आकर्षक वाटते. अडचण आहे ती विरघळवण्याची. तुतीचे रेशीम लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात विरघळते, टसर मात्र सहसा दाद देत नाही. आयनिक द्रवांत ते विरघळल्याचे प्रयोग झाले आहेत. पण त्यांतील काही द्रव जलचरांना विषारी आहेत आणि महागही. द्रावक पुन्हा वापरता आला नाही, तर ‘पर्यावरणपूरक’ हे विशेषण नावापुरतेच उरते. २०१६ मध्ये स्थापन झालेली आयआयटी भिलाईत आहे आणि कोशांचा पट्टा याच राज्यात. पतंग बाहेर पडलेल्या फुटक्या कोशांतून अखंड धागा निघत नाही, ते स्वस्तात विकले जातात. प्रथिनासाठी मात्र अखंड धागा लागतच नाही.