मत मिळालें, वाचा गेली!

कोणत्याही पेढीवर वर्षअखेर जमाखर्चाच्या वह्या धन्यापुढें येतात, आणि धनी कितीही घाईंत असला तरी ज्या खात्यावर मोठी रक्कम नांवें पडली असेल तेथें बोट ठेवून "ही कशाची?" असें मुनिमास विचारल्यावांचून राहत नाहीं. जो विचारीत नाहीं त्याची पेढी फार दिवस चालत नाहीं, हें व्यापारी वाचकांस आम्हीं सांगावयास नको. परंतु सबंध राष्ट्राची जी पेढी, तिची वही मात्र धन्याच्या प्रतिनिधींनीं न उघडतांच मंजूर केल्याचे प्रसंग अलीकडे वारंवार आले आहेत. ता. २३ मार्च २०२३ रोजीं सुमारें ४५ लक्ष कोटि रुपयांच्या खर्चाच्या मागण्या लोकसभेनें चर्चेवांचून कांहीं मिनिटांत संमत केल्या. आणि दुसऱ्याच दिवशीं करांचें फायनान्स बिल साठांहून अधिक सरकारी दुरुस्त्यांसह तसेंच गोंगाटांत पास झालें.

त्यापूर्वीं फेब्रुवारींत अंदाजपत्रकावर सर्वसाधारण भाषणें झालीं होतीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु रेल्वेस किती, शेतीस किती, शिक्षणास किती, अशी एकेका खात्याची मागणी स्वतंत्रपणें तपासून मत देण्याची जी वेळ, ती 'गिलोटिन'खालीं गेली. ठरलेल्या दिवशीं उरलेल्या सर्व मागण्या अध्यक्षांनीं एकदम मतास टाकाव्या, अशी ही वहिवाट आहे. मागें राहिलेल्या थोड्या मागण्यांपुरती ती समजण्यासारखी आहे; पण त्या वर्षीं एकाही खात्याची मागणी चर्चेंत आली नाहीं. एका बाजूस संयुक्त समितीच्या चौकशीचा आग्रह, दुसऱ्या बाजूस विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यानें माफी मागावी हा हट्ट. या दोन आरोळ्यांच्या मध्यें खजिन्याच्या किल्ल्या देऊन टाकण्यांत आल्या. हा दोष एकाच पक्षाच्या माथीं मारतां येणार नाहीं. काँग्रेसच्या पुढारपणाखालील सरकार असतां २००४ व २०१३ सालीं, आणि भारतीय जनता पक्षाचें सरकार असतां २०१८ व २०२३ सालीं हेंच घडलें आहे.

चर्चेचा हा हक्क आम्हांस कसा मिळाला, हें आठवणें येथें अवश्य आहे. १८६१ च्या कायद्याप्रमाणें चालणाऱ्या कौन्सिलांत नवा कर बसविण्याचें बिल आल्यावांचून जमाखर्चाविषयीं बोलण्याचीही सोय नव्हती. १८९२ च्या कायद्यानें बोलण्याची परवानगी दिली, पण मत दिलें नाहीं. अशा कौन्सिलांत ता. २६ मार्च १९०२ रोजीं पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले अंदाजपत्रकावर पहिल्यानेंच बोलण्यास उभे राहिले. दुष्काळ व प्लेग यांनीं देश गांजलेला असतां खजिन्यांत जी शिल्लक दिसते ती रयतेच्या भरभराटीची खूण नव्हे. हुंडणावळीच्या अडचणींत वाढविलेले कर ती अडचण सरल्यावरही तसेच ठेविल्याचें तें फळ आहे, असें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांनीं दाखविलें. मिठावरील कर उतरवा आणि अल्प प्राप्तीच्या माणसास प्राप्तीवरील करांतून सोडा, ही त्यांची मागणी. त्या दिवशीं त्यांच्या हातीं एकही मत नव्हतें. तरी १९०३ सालीं मिठाचा कर मणास अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, आणि प्राप्तीवरील कराच्या माफीची मर्यादा ५०० रुपयांवरून १,००० रुपयांवर गेली. पुढें १९०५ सालीं मिठाचा कर दीड रुपया व १९०७ सालीं एक रुपया झाला. हें सर्व एका भाषणाचें फळ होतें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु ज्या करास उत्तर देतां येत नाहीं तो कर फार काळ टिकत नाहीं, एवढें यावरून खास ठरतें.

१९१९ च्या कायद्यानें मध्यवर्ती असेंब्लीस कांहीं खर्चांवर व करांच्या बिलावर मत देण्याचा अधिकार आला. १९२३ सालीं फडणिशीचे मंत्री सर बेसिल ब्लॅकेट यांनीं मिठाचा कर सव्वा रुपयावरून दुप्पट, म्हणजे अडीच रुपये, करण्याचें ठरविलें. असेंब्लीनें तो नाकारला. व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनीं आपल्या खास अधिकारानें तो लादला. सभागृहाचा नकार सरकारास डावलतां आला, पण लपवितां आला नाहीं. त्याच सालच्या अखेरच्या निवडणुकींत स्वराज्य पक्ष मोठ्या संख्येनें निवडून आला, १९२४ सालीं मोतीलाल नेहरूंच्या पुढारपणाखालीं असेंब्लीनें सरकारचें फायनान्स बिलच धुडकावून लाविलें, आणि मिठाचा कर पुनः सव्वा रुपयावर आला.

इतक्या खटपटीनंतर ता. २६ जानेवारी १९५० रोजीं जी राज्यघटना अंमलांत आली तिच्या २६५ व्या कलमानें कायद्याच्या आधारावांचून कोणताही कर बसवूं नये असें बजाविलें, आणि ११३ व्या कलमानें प्रत्येक मागणी मान्य करण्याचा, नाकारण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार लोकसभेस दिला. आतां लादणारा व्हाइसरॉय उरला नाहीं. म्हणूनच विचारावेंसें वाटतें कीं, जो अधिकार कोणी हिरावून घेऊं शकत नाहीं, तो आपणच न वापरतां परत कां करावा?

यांत नुकसान कोणाचें, असें कोणी विचारील तर उदाहरण ताजें आहे. कर्जरोख्यांत पैसे गुंतविणाऱ्या म्युच्युअल फंडांत दीर्घकाळ ठेव ठेवणारास नफा मोजतांना महागाईच्या मानानें मूळ किंमत वाढवून धरण्याची सवलत होती. ता. १ फेब्रुवारी २०२३ च्या अंदाजपत्रकांत ती काढण्याचें नांव नव्हतें. ता. २४ मार्च रोजीं दुरुस्तीच्या रूपानें ती काढून घेतली, आणि १ एप्रिलपासूनच्या नव्या गुंतवणुकीस तो नियम लागू झाला. ज्यांनीं आयुष्याची पुंजी तेथें ठेवावयाची त्यांच्या वतीनें सभागृहांत कोणी एक प्रश्नही विचारला नाहीं.

याच्या उलट दुसऱ्या वर्षीं काय झालें तें पाहावें. ता. २३ जुलै २०२४ च्या अंदाजपत्रकानें घर व जमीन यांच्या विक्रीवरील हीच सवलत काढून कराचा दर २० टक्क्यांवरून साडेबारा टक्के केला. जुनीं घरें असलेल्या कुटुंबांनीं तक्रार केली, वर्तमानपत्रांनीं ती उचलली, आणि या वेळीं फायनान्स बिलावर लोकसभेंत चर्चाही झाली. ऑगस्टमध्यें सरकारनें स्वतःच दुरुस्ती आणून, त्या तारखेपूर्वीं घेतलेल्या मालमत्तेपुरता जुना अगर नवा, जो हिशेब कमी भरेल तो धरण्याची मोकळीक व्यक्ति व एकत्र कुटुंबें यांस दिली. सवलत एकच, सरकारही त्याच पक्षाचें. एकदा सभागृह कामास बसलें नाहीं आणि एकदा बसलें. फरक काय पडला तो ज्यानें त्यानें आपल्या वहींत पाहावा.

बहुमत सरकारचें असतां चर्चेनें काय होणार, असा आक्षेप नेहमीं येतो. गोखल्यांच्या कौन्सिलांत तर बहुमत कायद्यानेंच सरकारचें होतें. चर्चेचें काम सरकार पाडणें हें नव्हे; मंत्र्यास कारण सांगावयास लावणें हें आहे. दुसरा आक्षेप असा कीं, १९९३ पासून खात्यांच्या स्थायी समित्या मागण्या तपासतातच. तपासतात खऱ्या, आणि त्यांचें काम स्तुत्य आहे; परंतु साक्षीपुरावा सर्व नोंदवून घेऊन वकिलांचीं भाषणें न ऐकतांच निकाल देणारें न्यायालय आम्हीं पाहिलेलें नाहीं. समितीचे अहवाल वाचावयाचे ते त्या चर्चेसाठींच.

उपाय कठीण नाहींत. दर वर्षीं किमान ठराविक खात्यांच्या मागण्यांवर चर्चा झाल्यावांचून गिलोटिन लावूं नये, असा नियम सभागृहानें स्वतःवर घालून घ्यावा. मूळ बिलांत नसलेला नवा कर दुरुस्तीच्या रूपानें आल्यास लोकांस त्याची पुरेशी पूर्वसूचना मिळावी. विरोधी पक्षांनींही समजून घ्यावें कीं, अंदाजपत्रकाच्या दिवशीं सभागृह बंद पाडणें म्हणजे सरकारास उत्तर देण्याच्या त्रासांतून मोकळें करणें होय. याहून मोठी मेहेरबानी त्यास दुसरी कोणती?

शेवटचा शब्द वाचकांसाठीं. खासदार गांवीं येतो तेव्हां हार घालावयास आपण जातों, त्याच वेळीं "यंदा आपण कोणत्या मागणीवर बोललां?" एवढा एकच प्रश्न प्रत्येक बाजारपेठेंत विचारला जावा. गोखल्यांस वाचा होती, मत नव्हतें. त्यांनीं वाचेच्या बळावर कर उतरवून घेण्याची वाट दाखविली. त्यांच्या वारसांस मत मिळालें आहे. वाचा त्यांनीं स्वतः टाकून दिली, तर ती उचलून त्यांच्या हातीं परत देणें हें कर भरणारांचेंच काम आहे.